कचेरीत न घेतलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकाला नाही. अंबाबाईपुढं इतक्या वेळा हात जोडले, तिथंही हा विषय तेवढा वगळूनच बोलले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढं मला हे जमायचं नाही. तशी मी काही मुखदुर्बळ बाई नव्हे हं. माझ्या तोंडाला सगळी पेठ वचकून असायची. नळावर भांडण लागलं की आधी मला हाक यायची. तेच तोंड एकदा, नेमकं उघडायला हवं होतं तेव्हा, मी मिटून बसले. आणि त्याचं कौतुक जन्मभर ऐकत राहिले.

कुठून सुरू करू? आधी यांच्याविषयी सांगते. हे म्हणजे माझा नवरा. आमच्या काळात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. हाक मारायची तर 'अहो', दुसऱ्यांशी बोलताना 'आमचे हे'. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, तेही लाजत, पदराचा शेव तोंडाशी धरून. मी मात्र कधी लाजले नाही. लग्नात नणंदांनी उंबऱ्यात अडवलं, तर एकाला तीन उखाणे घेऊन मी आत गेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझा उखाणा झाल्याशिवाय बायका उठायच्या नाहीत. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हे फिटर होते. इंजिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला. इंजिनाला नुसता कान लावून कुठं बिघडलंय ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. कोल्हापूरचं राज्य विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. यांचा एक दोस्त आधीच आफ्रिकेत, नैरोबीला गेला होता. त्यानं तिथल्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात यांच्यासाठी शब्द टाकला, आणि मालकाचं बोलावणं आलं. राहायला दोन खोल्या, बायकोलाही आणा म्हणून लिहिलेलं. त्या दिवशी हे घरात आले ते चपला पायात ठेवूनच. सासूबाई ओरडल्या तरी भान नाही.

माणूस आनंदानं कसा दिसतो ते मी त्या वर्षी पाहिलं. कुठून तरी तिकडच्या भाषेचं एक बारकं पुस्तक मिळवलं होतं. जेवताना मला धडे. पाण्याला 'माजी' म्हणायचं, घराला 'न्यूंबा'. मी हसायचे, तेही हसायचे. पत्र्याची नवी ट्रंक आणली आणि पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव घालून घेतलं, त्याखाली माझं, त्याखाली 'नैरोबी'. जोडीचा फोटो लागतो म्हणून मला स्टुडिओत नेलं. फोटोवाला म्हणाला, डोक्यावरचा पदर मागं घ्या, चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. मी घेतला. तो फोटो अजून आहे माझ्याकडं. त्यात हे हसताहेत आणि मी — मी घाबरलेली दिसते. कुणाच्या लक्षात आलं नाही ते.

हो, मी घाबरले होते. आता कारण विचाराल तर सांगायला लाज वाटावी इतकं ते साधं आहे. सासर चांगलं, माहेर दोन गल्ल्या पलीकडं. पेठेत मला मान होता. कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, माझ्यावाचून अडायचं. तिकडं मला कोण ओळखणार? दोस्ताच्या बायकोनं एका पत्रात लिहिलं होतं, इथं दिवस दिवस बोलायला माणूस मिळत नाही. ते वाक्य माझ्या पोटात जे बसलं ते बसलंच. रोज वाटायचं, आज यांना सांगावं की मला नाही यायचं. एवढंच तर सांगायचं होतं! ते मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. पण पेठेतली धीट बाई ना मी — भीती वाटते हे कुठल्या तोंडानं सांगू? मग मी ट्रंकेत लोणच्याच्या बरण्या कशा बसतील ते बघायचे, आणि हे खूश व्हायचे.

यांचा परवाना लवकर झाला. माझ्यासाठी पुरावा हवा होता, मी यांची बायको असल्याचा. आता आमच्या लग्नाचा कसला दाखला असणार? मांडवात लग्न लागलं, गावानं अक्षता टाकल्या, संपलं. लग्नपत्रिका पाठवली, ती चालली नाही. दुसरीच बाई बायको म्हणून नेतात म्हणे कोणी कोणी. शेवटी मुंबईच्या परवाना कचेरीतून उत्तर आलं की बाईंनी कोल्हापूरच्या कचेरीत जातीनं अधिकाऱ्यासमोर हजर व्हावं आणि शपथेवर सांगावं — स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, लग्न कुठं झालं, आणि नवऱ्याचं पूर्ण नाव. ते लिहून घेतलं की झालं. तिकडच्या मालकाचंही पत्र होतं, महिन्याच्या आत या, नाहीतर दुसरा माणूस घेतो.

कचेरीला जायच्या दिवशी सासूबाईंनी हातावर दही घातलं. मी लग्नातला शालू नेसले होते. टांग्यात हे सारखे म्हणत होते, "भिऊ नगंस. चारच सवाल हाईत." मी काही ठरवून गेले नव्हते — हे मी सुटायला म्हणून सांगत नाही, खरंच नव्हते. ठरवून गेले असते तर निदान तेवढं धाडस तरी केलं म्हणता आलं असतं.

अधिकारी दुसऱ्या गावचा होता, मध्यमवयीन, बोलायला सभ्य. यांना दाराबाहेर थांबवलं. मला खुर्ची दिली. माझं नाव विचारलं, सांगितलं. वडिलांचं सांगितलं. लग्न कुठं झालं, सांगितलं. माझा आवाज खणखणीत होता, कारकुनानंही मान वर करून बघितलं. मग त्यानं विचारलं, "पतीचं संपूर्ण नाव?"

नाव दातांपर्यंत आलं होतं. अगदी खरं सांगते, जिभेवर होतं. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मला काहीच करायचं नाही. नकार द्यायचा नाही, रडायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. उरलेलं सगळं आपोआप होईल, आणि मला कोणी दोष देणार नाही. मी मान खाली घातली.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पदर पुढं ओढला. शिपाई कनवाळू होता बिचारा, म्हणाला, "बाई, उखाण्यात घ्या की! सायब काय बोलायचं न्हाईत." मला! मला उखाणा सुचवत होता तो! शेवटी यांना आत बोलावलं. हे गडबडून म्हणाले, "सायेब, आमच्यात बायका नाव घेत न्हाईत. मी सांगतो की." अधिकारी म्हणाला, तुमच्या सांगण्याचा उपयोग नाही, शपथ त्यांची आहे, त्यांच्याच तोंडून यायला हवं. मग हे माझ्या खुर्चीपाशी वाकले. त्यांच्या हाताला त्या दिवशीही तेलाचा वास होता. हळू आवाजात म्हणाले, "सांग की गं. मीच सांगतोय न्हवं, घे म्हणून? काय पाप लागत न्हाय."

मी वर बघितलं नाही. अधिकाऱ्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि आम्हाला जायला सांगितलं. त्या ओळी नंतर मुंबईहून नकाराबरोबर परत आल्या. बाईंना पतीचं नाव सांगता आलं नाही, सबब विवाह सिद्ध होत नाही.

परतताना टांग्यात मला रडू फुटलं. सुटले म्हणून रडत होते मी, ऐकताय ना? आणि हे आपल्या धोतराच्या सोग्यानं माझे डोळे पुसत होते. "जाऊ दे गं," म्हणाले. "माझ्या बायकूनं माझा मान राखला, आफ्रिकंचं काय घिऊन बसलीस!" तेव्हा तरी सांगता आलं नसतं? त्याच पावली टांगा मागं वळवला असता त्यांनी. अजून कचेरी उघडी होती.

एकटं जाता आलं असतं त्यांना. परवाना हातात होता. दोस्तानंही लिहिलं, तू ये, तिचं मागनं बघू. यांनी कळवून टाकलं की जोडीनं ठरलं होतं, जोडीनं होत नाही तर नको. त्यांच्या जागी दुसरा माणूस गेला. हे त्याच कारखान्यात राहिले, शेवटपर्यंत. ट्रंकेत गोधड्या ठेवू लागलो. पुस्तकातलं सगळं विसरले, फक्त पाणी मागताना 'माजी आण' म्हणायची सवय राहिली. पुढं घरातली पोरंही तसंच म्हणू लागली.

आणि माझं काय झालं? माझी ओटी भरली! सासूबाईंनी मला अंबाबाईला नेलं आणि येता-जाता भेटेल तिला सांगत सुटल्या, "बोट सोडली पर माझ्या सुनंनं मर्यादा सोडली न्हाय." लोकांनी आपल्या पोरींना माझं उदाहरण दिलं. मी ते घेतलं. खाली मान घालून, हसून घेतलं.

पण एक झालं. त्या संक्रांतीला बायकांनी मला आग्रह केला, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला नाव घेता येणार नाही. उखाण्यातसुद्धा. जिनं आफ्रिकेसाठी नाव घेतलं नाही, ती तिळगुळासाठी घेईल? मी नको म्हटलं. बायकांना त्याचंही कौतुक! पुढच्या वर्षीही नको म्हटलं. मग कोणी आग्रह करेनासं झालं. खोटं एकदाच केलं होतं, ते राखायला मात्र दर संक्रांतीला बसावं लागलं. यांनी आयुष्यात माझ्या तोंडून आपलं नाव पुन्हा ऐकलं नाही.

त्यांना ते हवं होतं. पाहुणे आले की कचेरीची गोष्ट रंगवून सांगायचे, सगळे हसायचे, आणि हसणं ओसरलं की माझ्याकडं बघायचे. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी उशाशी बसले होते. घरात कोणी नव्हतं. मला म्हणाले, "आता घे की एकदा नाव. हितं कुठला सायब हाय?" हसत होते, पण डोळे हसत नव्हते. नाव घेतलं असतं तर मागोमाग बाकीचंही सांगावं लागलं असतं — मला असं वाटलं. म्हणून मी म्हटलं, "गप पडा जरा," आणि उठून माजी आणलं. दोन घोट प्याले. नाव पुन्हा मागितलं नाही त्यांनी. आठवड्यानं गेले.

दिवस झाल्यावर नोंदीसाठी लेकाबरोबर नगरपालिकेत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "मयताचं संपूर्ण नाव?" लेक पुढं सरकला, म्हणाला, "मी सांगतो. आई नाव घेत नाही."

मी त्याला हातानं बाजूला केलं.

"शामराव ज्ञानदेव साळोखे."

लेक माझ्याकडं बघतच राहिला. कारकुनाला नीट ऐकू आलं नव्हतं, त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, खणखणीत. त्यानं लिहून घेतलं. मग खाली बघतच विचारलं, "तुमचं नातं?"

"बायको," मी म्हटलं.

तेही त्यानं लिहून घेतलं. पुरावा मागितला नाही.