रविवारची पाठ

म्हैसुरातल्या आमच्या शिंप्याच्या घरात पाठ दुखली की शिवणाच्या मिशनला शिव्या घालायच्या, बाम चोळायचा आणि पुढचा ब्लाउज हातात घ्यायचा, एवढंच ठाऊक. अप्पांची पाठ दुखे, काकांची दुखे. त्यामुळे तिशीच्या आत माझीही दुखू लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मला तर आपण पक्के शिंपी झालो असंच वाटलं.

पण माझी पाठ तऱ्हेवाईक. दुकानात उभ्याने कापड बेतत असलो, उठबस चालू असली की निवळायची. रविवारी उशिरापर्यंत लोळलो की मात्र उठताना नुसता ओंडका. अंगावर कढत पाणी घेऊन घरभर फेऱ्या मारल्या की मग कुठे मी माणसात येई.

अप्पांचा उपाय एकच, आराम. "सुम्ने पडून रहा रे, गप," असं ते कन्नड मिसळून दटावत. पडून राहिलो की आणखी आखडायचो आणि बायकोवर खेकसायचो. शेवटी त्यांनी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात माझ्यासाठी खुर्चीत टेकून बसायचं काम पाहिलं. "मिशन सोड आता. माझी पाठ गेली तेवढी पुरे, अलवा?" मला रडूच आलं. खांद्यात चपखल बसलेली बाही पाहून होणारा आनंद मला सोडायचा नव्हता.

बायकोने हट्टाने सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अप्पाही आले. बाईंनी विचारलं, "आराम केला की दुखणं उतरतं की वाढतं?"

"रविवारी तर विचारूच नका," बायको म्हणाली.

तपासण्या झाल्यावर बाईंनी समजावलं. झिजेचं दुखणं कामाने वाढतं, विश्रांतीने उतरतं. हे उलटं आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच मणक्यांच्या सांध्यांवर उलटते आणि तिथे सूज येते. औषध आणि रोजचा व्यायाम चुकवला नाही, मधेमधे उठत राहिलो, तर शिवणकाम सोडायची गरज नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग अप्पा हळूच कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, मी याला लहानपणीच मिशनवर बसवला. त्यानं नाही ना झालं?"

"नाही हो. मिशनचा काहीच दोष नाही."

हे ओझं ते मनात घेऊन फिरत होते, याचा मला पत्ताच नव्हता. त्यांनी रुमालाने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे निरखून पाहिलं.

"कोट खांद्यात उतरलाय," ते म्हणाले. "दुकानात पाठवून द्या. माझा मुलगा नीट करून देईल."