मंदाकाकींची गाडी

मंदाकाकी फोनवर गाडी चालवायला बसल्या की शेजारी बसायला कोणी धजत नसे. फोन डावीकडे कलवला की खेळातली गाडी डावीकडे वळते, हे सगळ्यांना ठाऊक. पण काकी फोनबरोबर स्वतःही अख्ख्या कलायच्या. वळणावर शेजारणीच्या बरगडीत कोपर बसलंच म्हणून समजा. वर ऐकून घ्यायचं, "गाडी वळली नि मानूस ताठच, असं कुठं असतं काय गं?"

त्या माझ्या चुलत सासूबाई. पोशीरला भातशेती, दोन म्हशी आणि पन्नाशीनंतर लागलेला हा नाद. तो मीच लावला, याचा मला अभिमान आहे. रविवारी दुपारी आम्ही चौघी समाजमंदिरात चटईवर बसायचो, एकीच्या हॉटस्पॉटवर चार फोन जोडायचो आणि घाटातली शर्यत लावायचो. काकी ब्रेक इतक्या जोरात दाबत, की काचेला भोक पडेल असं वाटे. पण वळण चुकत नसे.

मग गावातल्या पोरांना नेमकं त्याच वेळी समाजमंदिर हवं झालं. "बाया घरी बसून खेळतील की," म्हणे. घरी! घरी फोन हातात घेतला की चहा टाक, पाणी आण. आठवड्यातली तेवढी एक दुपार आमच्या हक्काची होती. काकींनी पोरांना गाठलं. "चार तुमी, चार आमी. ज्यांची गाडी पैली, त्यांचा रविवार. बोला!"

शर्यतीत काकी सुटल्या त्या सुटल्याच. शेवटचं वळण राहिलं, पोरं मागे. तेवढ्यात आमच्यातल्या पारूबाईंची गाडी चरात अडकली. या खेळात जोडीदाराने ढकललं तर अडकलेली गाडी निघते; पण त्याची गरजच नव्हती. काकी एकट्या पोचल्या की झालं! "काकी, पुढे!" मी किंचाळले. काकींनी सरळ गाडी फिरवली आणि माघारी निघाल्या. पारूबाई चरातून निघेपर्यंत पोरं नाचायला लागली होती.

मी भयंकर चिडले. "हातातला रविवार घालवलात की हो!"

काकींना त्याचं काहीच नाही. "भातलावनीला सगळ्यांच्या वाट्याची पात संपली नि एकीची र्‍हायली, तर आपन बांधावर चढतो काय? तिची पात धरतो ना? मग!"

"अहो, पण हा खेळ आहे!"

"मग खेळात काय मानसं बदलतात?"

पुढच्या रविवारी त्यांनी गोठ्याची पडवी झाडून घेतली आणि म्हशींच्या शेजारी आमचा खेळ सुरू झाला. फोन उलटा की सुलटा हे न कळणाऱ्या बायकाही यायला लागल्या, कारण काकी कोणाला मागे टाकत नाहीत हे गावभर झालं होतं. समाजमंदिरात एवढ्या जणी कधीच जमल्या नसत्या.

गेल्या वर्षी काकी कर्जतच्या दवाखान्यात होत्या. हाताला सलाईन, फोन धरवत नव्हता.

"रविवारी आल्या काय गं सगळ्या?"

"आल्या. पारूबाईंना उशीर झाला, म्हणून आम्ही सुरू करून टाकलं."

काकींच्या कपाळाला आठी पडली. "थांबायला काय झालेलं तुमाला?"

माझ्याशी त्या बोलल्या ते एवढंच शेवटचं. रागावूनच गेली बाई. मी फार रडले.

नंतरच्या पहिल्या रविवारी पारूबाईंची म्हैस दूध देईना. आम्ही सगळ्या फोन पालथे घालून पडवीत बसून राहिलो. पारूबाई पदराला हात पुसत आल्या, तेव्हा कुठे पहिला फोन उघडला.