संबंधित महिला

बाबा गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज घेऊन मी त्यांच्या जुन्या खात्यात गेले, तेव्हा वाटलं होतं दोन खेपांत काम होईल. सगळा जन्म दिल्लीत काढूनही माझा हा भाबडेपणा गेला नव्हता. तिसऱ्या खेपेला आईलाही बरोबर नेलं. खिडकीपलीकडच्या बाबूने फाइल चाळली, मध्येच थांबला आणि ती मिटून म्हणाला, "मॅडम, इसमें वाइफ का नाम कुछ और है."

"क्या है?"

"वो नहीं बता सकते. थर्ड पार्टी का मामला है."

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला हिंदी चांगलं कळतं. मयूर विहारला घरी पोचल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवताना पाठमोरीच म्हणाली, "हे लखनौला बदलीवर दोन वर्षं एकटेच होते, नाही का गं?"

"आई, काहीतरीच काय!" मी खेकसले. पण दुसऱ्या दिवशी नोएडाच्या ऑफिसात माझ्याही डोक्यात लखनौच फिरत होतं.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तोवर येऊन थोडी वर्षं झाली होती. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "आईच्या नावाने अर्ज टाक, यार, दहा रुपयांचं काम आहे." दहा रुपयांचंच होतं. फक्त ते दहा रुपये सरकारला कसे हवेत, हे कळायला दीड महिना गेला. एका खात्याला रोख चालतात, दुसऱ्याला पोस्टल ऑर्डरच लागते. आमच्या पोस्टात दहाची ऑर्डर कायम संपलेली असायची. शेवटी मिळाली, तर ती भलत्याच साहेबाच्या हुद्द्यावर काढली म्हणून अर्जासकट परत आली. नव्या ऑर्डरसाठी मी पुन्हा अर्धी रजा टाकली. माझ्या अर्ध्या रजेचे किती पैसे कापले जातात, हे त्या साहेबाला कुणी विचारत नाही.

पैसे पोचले, मग माहितीची जात ठरवायची पाळी आली. मागितलेलं देण्याजोगं आहे, की दुसऱ्या खात्याचं आहे, की परक्या माणसाचं? बाईने स्वतःच्या नवऱ्याच्या कागदांत स्वतःचं नाव काय लिहिलंय, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं की मागितलेली माहिती 'संबंधित महिले'ची खाजगी बाब आहे, तरी तिचं म्हणणं मागवण्यात येत आहे.

आईने चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालत म्हणाली, "म्हणजे जिवंत आहे."

त्या दिवसापासून तिने बाबांच्या फोटोला फूल वाहणं बंद केलं. पुसायची मात्र रोज. तिच्यापुरता प्रश्न पेन्शनचा उरलाच नव्हता. चाळीसहून जास्त वर्षं आपण कुणाबरोबर राहिलो, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं आणि ते एका सरकारी कपाटात बंद होतं. मला बाबांचा राग यायला लागला. गेलेल्या माणसावर रागावण्यासारखा दमवणारा उद्योग नाही; समोरून काही उत्तरच येत नाही. ऑफिसला जायचं, परत यायचं, भाजी टाकायची आणि आईच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, असे ते दिवस गेले.

एका शनिवारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. त्याने नाव वाचलं. आडनाव आमचं, पत्ता आमचा, पण त्या नावाची बाई आमच्या घरात कधीच नव्हती. इथे कुणी नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"मीच ती," ती मला म्हणाली आणि पोस्टमनकडे वळली. "साइन कहाँ करना है?"

तिचं माहेरचं नाव होतं ते. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं. आजोळी तिला सगळे ताई म्हणत, त्यामुळे ते माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं. आणि तिला स्वतःला तरी इतके दिवस कुठे आठवलं होतं?

आत नोटीस होती. अमुक नावाच्या महिलेने आपली माहिती मागितली आहे, आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावं. अर्ज करणारी आई आणि परकीही आईच. मी हसत सुटले, मला हसू आवरेना. आई हसली नाही. तिने 'हरकत नाही' असं लिहिलं आणि माहेरच्या नावाने, वळणदार, न अडखळता सही केली.

मग पानाला दोन रुपये भरा म्हणून पत्र आलं, म्हणजे पुन्हा पोस्टल ऑर्डर. दोन्ही महिला एकच असल्याचं प्रतिज्ञापत्रही करावं लागलं. यथावकाश पेन्शन सुरू झालं.

पण त्याआधी फाइलच्या झेरॉक्स आल्या. वारसाच्या फॉर्मवर बाबांचं अक्षर होतं आणि तारीख लग्नानंतरची. बायकोच्या रकान्यातल्या माहेरच्या नावावर आईने बोट ठेवलं.

"पहिल्याच आठवड्यात यांना सांगितलं होतं, मला ते नवं नाव नको म्हणून. 'आईला कसं सांगू?' म्हणाले. विषय संपला. त्यानंतर जन्मभर नुसतं 'अगं'."

"मग इथे का लिहिलं?"

"इथे सासूबाई वाचायला येणार नव्हत्या."

मला वाटलं आता ती सुटल्यासारखं हसेल. पण तिचा आवाज चढला.

"सरकारला सांगितलं. दोघंच असताना मला एकदा त्या नावाने हाक मारली असती, तर काय बिघडलं असतं यांचं?"

आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिला त्या नावाने हाक मारावी, असं माझ्या मनात आलं. पण ती हाक माझ्याकडून हवी नव्हती.