न फुटलेला आकडा

माझी आत्या छापखान्यात नंबर टाकायची. दवाखान्याच्या केसपेपरांवर ओळीने आकडे उमटवणाऱ्या मशीनवर तिची अख्खी नोकरी गेली. रोज सकाळी चाकं पुसून ती 1234567890 लावायची आणि अंक स्वच्छ उठतात का ते बघायला रद्दी कागदावर दोन ठसे घ्यायची. दुसऱ्या ठशाला मशीन आपोआप एकाने पुढे जायचं.

आत्याला आकडे फोडायची खोड होती. पहिला आकडा तिने डब्याच्या सुट्टीत तीन महिने खपून फोडला: दोन, तीन, परत तीन, पाच, 3607 आणि 3803 यांचा गुणाकार. मग दुसरा धरला, 1234567891. तो काही केल्या फुटेना.

"सोड गं नाद," बाबा म्हणाले.

"फुटत नसेल तर नसो, दादा. पण तसं कळायला तर हवं!"

दोन भाग पडलेच, तर त्यातला धाकटा 35136 च्या पुढे असू शकत नाही, हे तिने काढून ठेवलं होतं. म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद न देणाऱ्या संख्यांनी, भागून बघायचं. त्या साडेतीन हजारांच्या वर होत्या. यादीही तिनेच केली. रोज पाच-सहा भागाकार, कागद कापताना उरलेल्या पट्ट्यांवर.

एकदा ती पडेल चेहऱ्याने घरी आली. "फुटला मेला. बाकी शून्य."

मी ताळा करून बघितला. आत्या हातचा एक विसरली होती. सांगितल्यावर तिने मला असं कवटाळलं की माझा चष्मा वाकडा झाला.

जवळजवळ दोन वर्षांनी शेवटचा भाजक आला, 35129. बाकी उरली 29444. आत्याने यादीतल्या शेवटच्या आकड्यावर काट मारली.

त्याच आठवड्यात कॉलेजचे गणिताचे सर प्रश्नपत्रिका छापायला आले. आत्याने धीर करून आकडा पुढे केला. त्यांनी लॅपटॉपवर टाकला, आणि ती खुर्ची ओढेपर्यंत उत्तर आलं होतं: मूळ संख्या.

"दोन वर्षं पाण्यात गेली की, ताई!" मशीनमन हसला.

आत्याचं लक्षच नव्हतं. "सर, कुणीच बघितलं नसतं, तरी तो असाच असता?"

"असाच. माणूस नव्हता तेव्हाही."

"असे अजून किती?"

"संपतच नाहीत, बाई." सरांनी कागदाची एक पट्टी ओढून त्यावर लिहायला घेतलं. "समजा, संपल्या. मग सगळ्या एकमेकींशी गुणा आणि एक मिळवा. आता त्यांतल्या कुठल्याही संख्येनं भागा, बाकी एक. म्हणजे यादीबाहेरची एक तरी आहेच."

आत्याने ते तीनदा वाचलं. घरी आली ती बस विसरून, चालतच. चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

"दादा, संपतच नाहीत रे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.