बिल्ला न्यायला आले त्या दिवशीची बुर्जी

त्या दुपारी खोलीत सहा जण होतो. आमचे हे, सासूबाई, शेजारचे शिंपी भाई, मार्केट यार्डातल्या हमालांच्या टोळीचे मुकादम, मी, आणि माझ्या मांडीवर थोरली, तेव्हा वर्षाची.

ह्यांच्या पाठीवर बटाट्याचं पोतं पडलं त्याला पाच महिने झालेले. उठून बसता यायचं, ओझं उचलणं कायमचं बंद. टोळीत उगाच जागा अडवायची नाही म्हणून ह्यांनीच निरोप धाडला, हमालीचा बिल्ला घेऊन जा. बिल्ला गेला की यार्डातलं नाव गेलं. मग गाशा गुंडाळून गावाकडं, दिराच्या दारात. मी मंडईत भाजी विकून रेटत होते. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

भाई रोज ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. जुना देशी डाव. त्यात समोरच्याचं सगळं मारलं आणि त्याचा नुसता राजा उरला, तर बुर्जी. म्हणजे कुणीच जिंकलं नाही, अर्धं अर्धं. म्हणून भाई आमची शेवटची सोंगटी कधी मारायचे नाहीत. तिला जिवंत ठेवून मात करायचे. हे मी मेथी निवडता निवडता बघून ठेवलेलं. मी दुसरी शिकलेली, पण डोळ्यांना शाळा लागत नाही.

मुकादम आले तेव्हा डाव संपत आलेला. ह्यांच्याकडं राजा आणि वजीर, एवढंच. भाईंची पुढच्या खेळीला मात. हे म्हणाले, संपलं, आणि उशाखालून बिल्ला काढला.

मी पट बघत होते. भाईंचा राजा कोपऱ्यात. शेजारी त्यांचाच हत्ती, पुढं त्यांचंच प्यादं. तिरकं एक घर तेवढं मोकळं.

"वजीर त्या घरात ठेवा," मी म्हणाले.

"फुकट जाईल."

"जाऊ द्या."

ह्यांनी ठेवला. शह बसला. राजाला सरकायला जागाच नाही, वजीर खाल्ल्याशिवाय सुटका नाही. भाईंनी दाढी खाजवली. मग खाल्ला. आमचा नुसता राजा उरला. बुर्जी.

"वहिनी, मेथी निवडत होता का आमचा डाव?"

सासूबाई म्हणाल्या, "तिकडं चूल इझली, आन् ही राजं वाचवतीया."

बिल्ला ह्यांच्या हातातच होता. मी मुकादमांना विचारलं, यार्डात फाटकी पोती कोण शिवतं? ते म्हणाले, कुणी टिकत नाही त्या कामावर, मजुरी अर्धीच मिळते.

मी पुन्हा मेथी हातात घेतली. पुढचं ह्यांनी बोलायला हवं होतं.

"अर्धी चालेल," हे म्हणाले.

मुकादम चहा पिऊन रिकाम्या हातानं गेले. पोती शिवायचं दाभण कसं धरायचं ते भाईंनी दुसऱ्या दिवशी दाखवलं. हे पुढं अठरा वर्षं बसून पोती शिवत होते. पाठ शेवटपर्यंत दुखली. बिल्ला माझ्या ट्रंकेत आहे.

आता नातू बुद्धिबळाच्या क्लासला जातो. म्हणतो, आजी, बुर्जी असा नियमच नाही, तुम्ही हरलाच होता. त्यांच्या खेळात नसेल. आमच्या खोलीत होता. तुमच्या घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला तो जुना डाव येत असेल, तर ते माणूस आहे तोवर विचारून घ्या, आणि पोरांना शिकवा.