बेटावर ओरडायचं नाही

तेओदोसिओ चुंगा हळू बोलतो, हे पेरूतल्या आमच्या अख्ख्या चिंबोते बंदराला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं तो पाणकावळ्यांच्या राखीव बेटावर राखणदार आहे. विणीच्या दिवसांत तिथं कुणी मोठ्यानं हाक मारली तरी हजारो पक्षी एकदम उठतात, आणि टपून बसलेले चोरटे कुरव पक्षी उघडी पडलेली अंडी फस्त करतात. म्हणून हा गडी कुजबुजतो, वाकून चालतो. सुट्टीत घरी आला तरी तसाच. शेजारणी विचारतात, "दोमितिला, तुझ्या नवऱ्याचं काही हरवलंय का गं?"

दोमितिला म्हणजे त्याची बायको. बाजारात मासे विकते, आणि तिची आरोळी थेट बंदरापर्यंत जाते. देवानं जोडा जमवताना गंमतच केली म्हणायची.

या नोव्हेंबरात तिनं रसदीच्या बोटीबरोबर चिठ्ठी धाडली. 'नोकरी सोडून घरी येणार की नाही? शनिवारी मी स्वतः उत्तर घ्यायला येते. नाही म्हणालास, तर तशीच लिमाला बहिणीकडे जाईन, कायमची.'

आठवडाभर तेओदोसिओ उत्तर लिहीत बसला. दुसऱ्या ओळीत पाणकावळे शिरायचे आणि तो कागद फाडायचा.

शनिवारी बोट आली. यंदा पक्ष्यांनी धक्क्यावरही घरटी केलेली, म्हणून ती लांबच थांबली. बोटीवरून रसद आणायचं बेटावरचं होडकं नेमकं सकाळीच तळाला फुटलेलं. बोटीत दोमितिला, काखेत बोचकं. तिनं तोंड उघडलं, तसं नावाड्यानं घाईनं ओठांवर बोट ठेवलं. मग तिनं नुसता हात उडवला. काय ते सांग.

ओरडावं तर वीण जाते, गप्प राहावं तर बायको जाते. तेओदोसिओनं टोपी काढली, बूट काढले आणि तो पाण्यात उतरला. आमच्याकडचं पाणी म्हणजे हाडं गोठवणारं. पण पठ्ठ्या आवाज न करता पोहत गेला. एकही पक्षी जागचा हलला नाही.

बोटीची कड धरून तो कुजबुजला, "येतो. मार्चमध्ये पिल्लं उडाली की कायमचा येतो."

दोमितिला त्याच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघत राहिली. "एवढंच सांगायला पोहत आलास? अरे मूर्खा, तिथूनच मान हलवायचीस की."

"मान तर मी सव्वीस वर्षं हलवतोय, दोमि."

तिनं वाद घातला नाही. काखेत हात घालून त्याला वर ओढलं आणि हळूच विचारलं, "मार्चची कितवी तारीख?"