चंद्रीचा पान्हा

दुसऱ्याचं चांगलं झालं की कौशल्याबाईच्या पोटात आधी कळ यायची, मग ती तोंडानं म्हणायची, "बरं झालं बाई." लहानपणी ती बहिणीच्या लांब वेणीवर जळली. लग्नात जावेच्या डोरल्यावर जळली. जावेच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीचं पाणी पिऊन म्हणाली, "मचूळ हाय." तशी बाई वाईट नव्हती. सासूचं तीन वर्षांचं दुखणं तिनं नाक न मुरडता काढलं, आणि नवरा त्रिंबक ऊसतोडीला गेला की घर, रान, लेकरं एकटीनं रेटली. पण जळणं काही सुटलं नाही.

लोकांनी जळावं असं तिच्याकडं एकच होतं. चंद्री. कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिक्का असलेली म्हैस. गावच्या दूध सोसायटीत चंद्रीएवढं घट्ट दूध कुणाचं नव्हतं. वार्षिक सभेत पहिल्या नंबराला स्टीलची बादली मिळायची. कौशल्याबाईच्या घरात अशा तीन बादल्या खुंटीला होत्या. त्यात कधी पाणी भरलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून टांगलेल्या.

दिवाळीला चंद्री व्याली आणि आठव्या दिवशी रेडकू मेलं. तेव्हापासून ती फक्त कौशल्याबाईच्या हाताला पान्हा सोडायची. त्रिंबक चरवी घेऊन खाली बसला की लाथ. कौशल्याबाई सगळ्यांना सांगायची, "माज्याबिगर कुनाला थान धरू देत न्हाई." तक्रारीच्या सुरात सांगायची, पण डोळे हसायचे.

त्या साली, दोन हजार बाराला, पाऊस झालाच नव्हता. बोअर आटले, कडबा संपला, त्रिंबकही यंदा ऊसतोडीला गेला नाही. तेरा सालच्या जानेवारीत सोसायटीनं नेकनूरच्या रस्त्याला माळावर चारा छावणी उघडली. उसाच्या वाढ्याची छपरं, मधून दावण, टँकरच्या पाण्याचा एक सिमेंटचा हौद, त्यातून घरटी ठरलेल्या घागरी. जनावरासोबत माणसंही तिथंच राहायला आली.

दावणीत कौशल्याबाईच्या शेजारची जागा आली येस्तरबाईला. नाव एस्तेर, पण माळावर त्याचं येस्तर झालं. ख्रिस्ती बाई. नवरा याकोब वारलेला. एक गावरान गाय आणि दोन लुगडी एवढा संसार. हिरवं लुगडं रोजचं, पांढरं रविवारचं. रविवारी पहाटे गाईला चारा टाकून ती पांढरं नेसायची आणि बसनं बीडला चर्चला जाऊन दुपारपर्यंत माघारी यायची.

कौशल्याबाई तडक सोसायटीच्या सेक्रेटरीकडं, उत्तरेश्वरकडं गेली. "आमच्याशेजारी तिला कावून बांधलं? हौदावर बी माज्या आदी घागर बुडविती ती."

"आदी आली तर आदी भरनार न्हाई का, मावशी?"

"तुजी आई असती हितं, तर असं बोलला असतास का?"

उत्तरेश्वरला कटकट नको होती. त्यानं येस्तरबाईला पार टोकाला, उकिरड्याजवळ हलवलं. तिनं मुकाट खुंटा उपटला, गाय सोडली आणि जाता जाता म्हणाली, "तिकडं वारा बरा हाय." कौशल्याबाईला भांडण पाहिजे होतं. ते मिळालं नाही म्हणून ती रात्रभर कुशी बदलत राहिली.

फेब्रुवारीत तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. त्रिंबकनं तिला बीडच्या दवाखान्यात टाकलं, तिथून भावाच्या घरी. अठरा दिवस पथ्याचा भात खाताना तिला एकच घोर होता, चंद्रीचं काय. फोनवर त्रिंबक म्हणायचा, "समदं बरं हाय." कसं बरं आहे ते सांगायचा नाही.

छावणीत परत आली त्या संध्याकाळी शेजारची ताराबाई वाटच बघत होती. ताराबाईच्या पोटात पाणी टिकत नसे, बातमी कुठून टिकणार.

"दोन दिस वरडली बघ तुजी म्हस. कास ही अशी दगड झालती. त्रिंबकदाजीला तर हितं मांडीवर हानली. मग येस्तरबाई आली. लई वेळ नुसती पाठीवर हात फिरवत बसली. तिसऱ्या दिशी धार लागली. थेंब न थेंब सोसायटीत तुज्या नंबरावर घातला तिनं."

"आन् घरी किती नेला?"

"तिच्या चहाला बी दूध न्हवतं बाई. गाय आटलीय तिची."

कौशल्याबाई म्हणाली, "बरं झालं बाई." आणि चरवी उचलून चंद्रीकडं गेली. पुढ्यात आंबोण ठेवलं, कास धुतली, थानाला हात घातला. चंद्रीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग तिच्या डोक्यावरून पलीकडं, उकिरड्याच्या बाजूला बघितलं, आणि रेकली.

धार आली नाही.

नवरा दुसरीकडं बघतो तर बाईला भांडता येतं. म्हशीशी कसं भांडणार? कौशल्याबाईनं गूळ चारला, मांडीवर थोपटलं, शिव्या दिल्या. चंद्री दूध चढवून उभी. शेवटी त्रिंबक म्हणाला, "येस्तरबाईला हाक मारू का?"

"मारून बघ. मी माह्यारला जाते."

चौथ्या दिवशीही चरवीत बोटभरच दूध पडलं. रागानं आंधळी होऊन ती उकिरड्याकडं गेली. येस्तरबाई शेण भरत होती.

"येस्तरे, काय मंतर घातलास माज्या म्हशीवर?"

"मंतर न्हाई कौशाबाई. गानं म्हनत हुते. आमच्या देवाचं हाय, पर म्हशीला काय कळतंय."

"तिला बाटवलीस तू!"

येस्तरबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. "तसं आसतं तर रविवारी माज्यासंगं बसमदी बसली आसती."

पलीकडं ताराबाई खो खो हसली. कौशल्याबाईच्या काळजाला ते हसणं लागलं. "मी तुला हितं उकिरड्यावर घालवलं. तुला ठावं हाय. मग कावून आलीस माज्या दावनीला? चांगलं म्हनावं म्हनून?"

येस्तरबाईनं पाटी खाली ठेवली. "मी संध्याकाळी प्रार्थनेला बसले की तिकडून ती वरडायची. आता देव माजं ऐकंल का तिचं? दोन दिस बसले तशीच. तिसऱ्या दिशी उठले."

 कौशल्याबाई पाय आपटत माघारी आली.

शनिवारी त्रिंबकनं व्यापारी आणला. दुष्काळात आटलेल्या म्हशीला कोण घेतं आणि कशाला घेतं, हे छावणीतलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. व्यापाऱ्यानं चंद्रीची कास दाबली, दात बघितले. त्रिंबक बायकोकडं न बघता म्हणाला, "उद्या सांजच्याला धार लागली तर ठिवू. न्हाई तर परवा टेंपो यील. नुसतं खानारं जनावर मला झेपत न्हाई आता."

"न्या की!" कौशल्याबाई ओरडली. "न्हाई तरी माजी राहिलीय कुठं ती!"

म्हणाली खरी. पण व्यापारी गेल्यावर चंद्रीच्या कपाळावरच्या टिक्क्याला हात लावून बसून राहिली. येस्तरबाईला एक हाक मारली असती तर म्हैस वाचत होती. ती हाक काही तिनं मारली नाही.

रविवारी दुपारी येस्तरबाई चर्चहून आली ती सरळ कौशल्याबाईच्या छपरात. अंगावर पांढरं लुगडं, काखेत हिरव्याची घडी.

"हे नेसा."

"तुजं लुगडं? मी?"

"मी रोज ह्याच लुगड्यावर बसत हुते धारंला. धुतलं न्हाई. पान्यापायी धुवायचं राहिलं, ते बरंच झालं. माजी आई बाळंतपनात बाजंवर आसली की बा तिचं लुगडं पांघरून धार काढायचा. जनावर वासाला वळखतं, मानसाला न्हाई."

"छावनी हसंल मला."

"हसंल. लई हसंल," येस्तरबाई म्हणाली. "पर टेंपो यायचा न्हाई." घडी ठेवून ती गेली.

दिवस मावळायच्या आत कौशल्याबाई बाहेर आली तेव्हा छावणीतली सगळी तोंडं तिच्याकडं वळली. अंगावर हिरवं लुगडं. शेणाचा, घामाचा, दुसऱ्या बाईच्या चुलीच्या धुराचा वास.   ती चंद्रीखाली बसली. चंद्रीनं नाक फुर्र केलं, पदर हुंगला, पुन्हा हुंगला.

धार नाही.

ताराबाई लांबूनच म्हणाली, "गानं म्हन की गं."

शब्द तिला येत नव्हते. पण छावणी लहान, येस्तरबाईचा आवाज रोजचा. चाल कानात बसली होती. नको असताना बसली होती. कौशल्याबाईनं दात दाबून नाकातल्या नाकात ती चाल धरली. चंद्रीनं कान हलवला. मग चरवीच्या बुडाला पहिली धार वाजली.

 त्रिंबक खिशातून फोन काढून छपरामागं गेला आणि टेंपो नको म्हणून सांगून आला.

नंतरचे आठ-दहा दिवस तिनं तेच लुगडं नेसून धार काढली. दूध रोज वाढत गेलं. हसणारे हसून दमले. मग तिच्या लक्षात आलं की येस्तरबाई दिसेना. हौदावर नाही, दावणीवरून जाताना नाही.

"येस्तरबाई गावी गेली का गं?"

"कुठली गावी जाती," ताराबाई म्हणाली. "मागच्या अंगानं जाती ती. उकिरड्याच्या पल्याडून, दगडातून. गाईला पान्यावर बी तिकडूनच नेती. म्हनं चंद्रीनं बघितलं तर पुन्ना माज्यासाठी वरडंल, कौशाबाईच्या जिवाला लागंल."

कौशल्याबाई छपरामागं गेली. उन्हात, उकिरड्याच्या चढावर, येस्तरबाई डोक्यावर घागर घेऊन दगडांतून पाय टाकत होती. अंगावर पांढरं लुगडं. रविवारचं. काठाला गुडघ्यापर्यंत शेण.

कौशल्याबाईच्या पोटात कळ आली. ओळखीची. जन्मात एवढी जोरात आली नव्हती. बहिणीच्या वेणीसाठी नाही, जावेच्या विहिरीसाठी नाही. आपल्याला असं वागता आलं नसतं, ह्याची.

"ये बाई!" ती ओरडली. "तिकडून कावून जायलीस? पाय मोडून घेशील. हिकडून ये!"

येस्तरबाई थांबली. "म्हस वरडंल की."

"वरडू दे!" कौशल्याबाईनं पदरानं नाक पुसलं, त्याच हिरव्या पदरानं. "घडीभर हात लावलास म्हनून झिजत न्हाई ती. आन् ते पांढरं दे हिकडं. माज्या वाटनीची घागर हाय, धुते मी."

येस्तरबाई चढ उतरून दावणीकडं आली. चंद्री लांबूनच रेकायला लागली.

"पर धार मीच काढनार," कौशल्याबाई म्हणाली. "आदीच सांगून ठिवते."